‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ एमजीबी: रंगाखाली काय निघालं

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्‌स कार, घ्यायच्या विचारात असाल, त्यातही उघड्या टपाची रोडस्टर, तर इंजिन, रंग, तारांची चाकं हे सगळं नंतर बघा. आधी दाराखालची सिल बघा. आणि विकणाऱ्याने ‘हे घ्या, सगळं काम केलंय’ म्हणत फोटोंचा अल्बम पुढे केला, तर त्या फोटोंतली गाडी खरोखर हीच आहे का, ते गाडीखाली शिरून पडताळा. माझे साडेअकरा हजार पौंड ज्या गाडीत अडकले तिचे कागद खरे होते आणि इंजिनही चांगलं होतं. खोटा होता तो अल्बम, आणि सगळा सौदा त्याच्याच जिवावर झाला.

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहते. आमचं घर कोल्हापूरचं, वडिलांचं गॅरेज होतं, आता दादा तिथेच डेंटिंग-पेंटिंगचं काम बघतो. त्यामुळे पाने-पकडी मला लहानपणापासून ओळखीच्या. घरच्या घरी एखादी जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार हळूहळू नीट करत न्यायची, ही फार दिवसांची इच्छा होती आणि त्यासाठी एमजीबीसारखी दुसरी गाडी नाही. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या तयार झाल्या, पाच लाखांहून जास्त. १७९८ सीसीचं साधं लोखंडी इंजिन, एसयू कंपनीचे जोड कार्बोरेटर, मागे पाट्यांची स्प्रिंग. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो आणि बहुतेक सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात.

पण या गाडीला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला होती. एमजीबीत बॉडीचा पत्रा हाच सांगाडा, आणि रोडस्टरला वर छप्परही नाही. गाडी मधोमध वाकू नये म्हणून जो जोर लागतो तो मुख्यतः दोन्ही दारांखालच्या सिल आणि मधला बोगदा (दोन सीटांमधला लांबट उंचवटा) यांच्यावर येतो. सिल म्हणजे नुसती बाहेरून दिसणारी गोल पट्टी नव्हे. बाहेरची सिल, आतली सिल, दोघींच्या मधला उभा पत्रा आणि खालून कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी, अशी ती बंद पेटी असते. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ चाकाच्या कमानीतून आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. फसवणाऱ्याला ही जागा बरोबर ठाऊक असते. काम झाकायला सोपं, उघडून बघायला अवघड, आणि नीट करायचं तर सगळ्यांत महाग.

मी घेतलेली गाडी १९७१ची, फ्लेम रेड रंगाची. जाहिरातीत ‘पत्र्यापर्यंत उघडून संपूर्ण रिस्टोरेशन, सिल दोन्ही बाजूंनी नव्या’ असं स्पष्ट लिहिलेलं. विकणारा लिंकनशायरमधल्या एका गावात, स्वतःच्या घरी भेटला. बोलायला अतिशय सभ्य. नोंदणीचं व्ही-फाइव्ह-सी त्याच्याच नावावर. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून काढलेलं हेरिटेज सर्टिफिकेटही होतं, आणि त्यातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळत होता. हे सर्टिफिकेट खरं असतं, ते कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून देतात. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली हे त्यातून कळतं. आज तिच्या पत्र्याची काय अवस्था आहे याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. पण बैठकीत चहाबरोबर असा कागद समोर ठेवला की बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसायला लागतो, आणि तो त्यासाठीच ठेवलेला होता.

एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीची, जुनी नोंद मी आधीच सरकारी संकेतस्थळावर पाहिली होती. गाडीचा नंबर टाकला की ती फुकट दिसते. शेवटची तपासणी २०१६ची, पास, पण सिलवर गंज असल्याचा शेरा. त्यानंतर काहीच नाही. मी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. चाळीस वर्षांपुढच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून एमओटी सक्तीची नाही, हे खरंच आहे. ‘आणि त्या गंजासाठीच तर मी एवढं काम केलं,’ असं म्हणून त्याने अल्बम उघडला.

अल्बम उत्तम होता. करड्या प्रायमरमधली उघडी बॉडी, कापलेली जुनी सिल, दाराच्या चौकटीत आडव्या लावलेल्या आधाराच्या सळ्या, नवी कॅसल रेल, वेल्डिंगच्या सलग शिवणी. कुणा जाणकार माणसाने मन लावून केलेलं काम होतं ते. मी लोहचुंबक नेला होता, तो सिलवर टपकन चिकटला. गाडीखाली आडवी होऊन पाहिलं तर जाड काळं अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून मारतात तो थर. नव्या कामावर लोक ते लावतातच.

लोहचुंबकाचं मात्र सगळ्यांनी नीट लक्षात घ्या, कारण जिथे तिथे हाच सल्ला देतात. पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरली असेल तर चुंबक धरत नाही, एवढंच त्यातून कळतं. सडलेल्या सिलवर नव्या पत्र्याचं पातळ कवच चढवलं असेल तर चुंबक झकास धरतो. अशी कवचं तयार मिळतात, स्वस्तात मिळतात, आणि रंग मारल्यावर नव्या सिलसारखीच दिसतात.

काही आठवडे मी गाडी आनंदाने चालवली. मग मागच्या स्प्रिंगचे बुश बदलायला गॅरेजमध्ये घेतली आणि डाव्या बाजूला, जॅक लावायच्या ठरलेल्या जागी ट्रॉली जॅक लावला. पाच-सहा हिसके दिले असतील. चाक जागचं हललं नाही, पण सिलमधून करकर आवाज आला आणि जॅकचं डोकं पत्र्यात आत शिरलं. खाली काळ्या पापुद्र्यांचा आणि तपकिरी भुग्याचा ढीग पडला. दार उघडायला गेले तर ते वरच्या कोपऱ्यात अडकलं होतं.

अंडरसील खरवडून मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात रात्र झाली होती, तो जेवायला बसला होता. मोबाइल सिलपाशी नेल्यावर त्याने ताट बाजूला सारलं.

‘अगं, पत्र्यावर पत्रा चढवलाय हा. कडेला स्क्रूड्रायव्हर घाल बघू.’

घातला. मूठभर लांबी सुटून आली, तिच्यामागे फायबरची जाळी, आणि तिच्याही मागे फोम. घराच्या खिडक्यांच्या फटीत मारतात तो, फुगणारा.

‘आत मधला पत्रा दिसतोय काय?’

‘नाही दादा. काहीच नाहीये आत.’

‘मग ही गाडी रस्त्यावर काढू नकोस. अजिबात नको. मधोमध मोडंल ती.’

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या एका निवृत्त वेल्डरने येऊन बघितलं आणि तेच सांगितलं. दोन्ही बाजू सारख्याच. उजवीकडची कॅसल रेल तर त्याने हातानेच तोडून दाखवली.

आता अल्बमकडे येते. विकणाऱ्याने त्याची प्रत मला दिली होती, आणि तीच पुढे कामी आली. रात्री मी एकेक फोटो मोठा करून गाडीशी ताडत गेले. खालून घेतलेल्या एका फोटोत मागच्या एक्सलच्या पुढे बॅटरीची एकच पेटी होती. माझ्या गाडीला दोन आहेत. क्रोम बंपरच्या एमजीबींना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक. १९७४च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हापासून बारा व्होल्टची एकच बॅटरी आणि एकच पेटी. माझ्या गाडीच्या दोन्ही पेट्या जुन्या, मूळच्या, गंजलेल्या अवस्थेत जागेवर आहेत. म्हणजे फोटोतली बॉडी निदान तीन वर्षांनी नंतरची, दुसऱ्याच कुणाच्या गाडीची. सगळे फोटो प्रायमरमधले का होते, लाल रंगातला एकही का नव्हता, तेही मग कळलं. नंबर प्लेट किंवा चासी नंबरची पट्टी एकाही फोटोत नव्हती.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा पुढच्या गोष्टी करा, आणि विकणारा कितीही गोड बोलला तरी करा. कामाच्या फोटोंमध्ये चासी नंबर दिसणारा एक तरी फोटो मागा. बॅटरीच्या पेट्या मोजा. पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग जिथे सिलला मिळतो तिथे, दाराच्या चौकटीच्या थोडं पुढे-मागे, उभी सांधरेषा दिसायला हवी. ती लांबीने गुळगुळीत बुजवलेली असेल तर बाहेरची सिल नीट बदललेली नाही असंच धरा, कारण खरी सिल त्या मडगार्डांच्या खाली आत जाते आणि कवच फक्त दिसणाऱ्या भागापुरतं असतं. दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते बघा. फट वर निमुळती होत असेल तर बॉडी मधे खचलेली आहे. आतून दाराशी पाय ठेवतो तिथला गालिचा उचलायला सांगा. तो चिकटवलेला असतो हे मान्य, पण सौदा पक्का होत असेल तर एक कोपरा सोडवायला कुणाचीच हरकत नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी तिच्या ठरलेल्या जागी जॅकवर उचलून दाखवायला सांगा, उचललेली असताना दार उघडून बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे, सक्ती नसली तरी एमओटी करून घ्यायची अट घाला. तपासनीस सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बसतात त्याच्या तीस सेंटीमीटरच्या आतला गंज बघतो, आणि तिथे पॅच असेल तर तो सगळीकडून सलग वेल्ड केलेला लागतो. त्याला काही उघडून बघता येत नाही, तरी परक्या माणसाची नजर गाडीखालून फिरते. नकार मिळाला तर तिथून निघा.

पैशांचं काय झालं तेही सांगते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला इथे २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचं संरक्षण आहे, सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर ते मिळत नाही. पण वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे हा नियम त्यालाही लागू आहे, आणि खोटं सांगून सौदा करवला तर १९६७च्या कायद्याने भरपाई मागता येते. माझ्याकडे जाहिरातीचे स्क्रीनशॉट होते, ‘सिल दोन्ही बाजूंनी नव्या’ हे वाक्य त्यात होतं, आणि त्याच फोन नंबरावरून विकलेल्या आणखी जुन्या गाड्यांच्या जाहिरातीही नंतर सापडल्या. म्हणजे तो घरबसल्या धंदा करणारा व्यापारी होता आणि खासगी विक्रेता असल्याचं भासवत होता, हाच इथे गुन्हा आहे. पैसे त्याने फक्त बँकेतून मागितले होते. क्रेडिट कार्ड घेणाऱ्या व्यापाऱ्याला थोडी जरी रक्कम कार्डावर दिली असती तर १९७४च्या कायद्याच्या ७५व्या कलमाखाली बँकेलाही जबाबदार धरता आलं असतं. कार्ड न घेण्यामागे हेच कारण असतं.

मी आधी लेखी नोटीस पाठवली, सोबत वेल्डरचा अंदाज आणि बॅटरीच्या पेट्यांचे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून. उत्तर नाही. मग छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेले, तिथे दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात. हल्ली अशा दाव्यांत सुनावणीआधी फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. त्यात त्याने दुरुस्तीच्या खर्चाच्या निम्म्याहून थोडी जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं आणि दिली. मला अजूनही ते कमी वाटतं. ज्या गाडीत आपण बसवलेला माणूस मरू शकला असता तिच्या बाबतीत निम्म्यावर समेट करणं मला जड गेलं, पण सुनावणी जिंकूनही वसुलीसाठी धावाधाव करावी लागते, हे ऐकून मी होकार दिला.

गाडी मी ठेवली आहे. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉडी बनवते, तोही विचार केला, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्या काढून ठेवल्या, दाराच्या चौकटींत सळ्या बसवल्या, आणि एका वेळी एकच बाजू कापायची असं ठरलं. डावीकडची कॅसल रेल आणि मधला पत्रा बसला. वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याआधी दार लावून फट बघतो आहोत. दादा अधूनमधून व्हिडिओवर असतो आणि वेल्डरला मराठीतूनच सूचना देतो, मी भाषांतर करते.

सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते, तशी मी नोंदवली आहे. जाहिराती, फोन नंबर आणि तो अख्खा अल्बम त्यांना पाठवला. करड्या प्रायमरमधली बॉडी, खालून एकच बॅटरीची पेटी, आणि मागे भिंतीवर हिरव्या नळीचं वेटोळं टांगलेलं, असे फोटो तुम्हाला कुणी क्रोम बंपरच्या एमजीबीबरोबर दाखवले, तर पैसे देऊ नका आणि त्याच हेल्पलाइनला फोन करा.