मोकमध्ये स्ट्रेट कट गिअर टाकले, आठ महिन्यांनी काढले

माझी मिनी मोक आहे, म्हणजे मिनीवर बांधलेली छोटी उघडी गाडी, ऑस्ट्रेलियात बनलेली, 998 सीसी, 13 इंची चाकांची. इथं मेलबर्नला एका शेतकऱ्याकडून घेतली, दारं नाहीत, वर नुसतं कॅनव्हासचं छप्पर, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, संपमध्येच (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) असतो, ऑइल दोघांचं एकच. क्रँकच्या टोकावरचा प्रायमरी गिअर, मधे आयडलर आणि मग खाली गिअरबॉक्सचा इनपुट गिअर, असे तीन. कंपनीचे तिरपे दातवाले म्हणजे हेलिकल येतात. मी सरळ दातवाला सेट टाकला, कारण सगळे म्हणायचे स्ट्रेट कट जास्त मजबूत.

तर तसं काही नाही हो. तेवढ्याच रुंदीच्या गिअरमध्ये हेलिकल उलट जास्त लोड घेतो, एका वेळी जास्त दात धरलेले असतात ना. सरळ दातांचा खरा फायदा हा की गिअर बाजूला ढकलला जात नाही. तिरप्या दातांत ॲक्सिलरेटर दिला की प्रायमरी गिअर एकीकडे रेटला जातो आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगला दुसरीकडे, तो भार थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे गिअरला बाजूनं अडवणाऱ्या चकतीवर. सरळमध्ये ते नाही, घर्षणही थोडं कमी. रेसवाले त्यासाठी वापरतात. माझ्या 998 ला पॉवरमध्ये काय फरक पडला? मला तरी कळला नाही.

आवाज मात्र कळला. जुनी गाडी रिव्हर्समध्ये जशी कूंऽऽऽ करते ना, रिव्हर्सचे दात सरळ असतात म्हणून, तसा आवाज आता चारही गिअरमध्ये, आणि दारं नसल्यानं सरळ कानात. पहिले दोन आठवडे मजा वाटली, गाडी एकदम रॅलीची वाटायची. मग बायको म्हणाली पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. गाडी उभी असून इंजिन चालू असलं की वेगळाच खडखडाट, सिग्नलला लोक वळून बघायचे, क्लच दाबला की गप्प कारण तेव्हा प्रायमरी गिअर फिरायचा थांबतो, म्हणून मी सिग्नलला क्लच दाबूनच बसायला लागलो, जी अत्यंत वाईट सवय आहे. गाडी चालू ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला तर म्हणे आधी तो मिक्सर बंद कर.

क्वालिटीला नाव ठेवणार नाही, उघडल्यावर दात स्वच्छ होते, कुठं खड्डा नाही. बसवायला मात्र वेळ द्या. फ्लायव्हील ओढायला पुलर लागतोच, आणि प्रायमरी गिअरचा एंड फ्लोट (गिअर मागे-पुढे किती सरकतो ती ढिलाई) वॉशर बदलून 0.0035 ते 0.0065 इंचात आणायचा, आयडलरचा वेगळा मोजायचा. मला पहिल्या वेळी आयडलरचा वॉशर जाड बसला, परत सगळं खोललं, एक रविवार गेला.

ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावा, त्यांना चार स्टार. शेतातल्या चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालवणाऱ्याला दोनच, तिथं आवाजाशिवाय काही हाती लागत नाही. मी हेलिकल परत टाकले. काढलेला सेट ऑइल लावून शेडमध्ये ठेवलाय, कुणाला हवा असेल तर सांगा, वॉशर मात्र तुमचे तुम्ही मोजा.