हेडर लीक: पॅकिंग बदलू, वेल्डिंग मारू की स्टॉक मॅनिफोल्ड परत लावू?

सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटमधून टिक टिक टिक, आणि दहा मिनिटांनी आवाज गायब. मग आपण म्हणतो टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) असेल. मीपण तेच म्हणत महिनाभर फिरलो, टॅपेट सेटिंगचे पैसेसुद्धा देऊन झाले, आणि शेवटी निघालं काय तर हेडरच्या (इंजिनमधला धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे नेणारा, बाहेरून बसवलेला पाईपांचा संच; कंपनीचा मूळ असेल तर तो स्टॉक मॅनिफोल्ड) फ्लॅंजला, म्हणजे हेडर इंजिनला आवळतात त्या सपाट प्लेटला, लीक. गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, त्यावर 4-2-1 (चार पाईपांचे दोन, दोनांचा एक) एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलचा हेडर आणि मागे फ्री फ्लो (धूर कमी अडवणारा सायलेन्सर). गरम झाल्यावर धातू फुगतो, फट बुजते, म्हणून आवाज बंद. एवढं साधं होतं ते.

आधी लीक नक्की कुठे आहे ते बघा, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे. इंजिन बंद आणि पूर्ण थंड, व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू मागे सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने आवळून लावा आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, जिथे बुडबुडे तिथे लीक. काळी काजळीची रेघ दिसली तर तेवढंही करायला नको.

लीक ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी आहे का नंतर, यावर खरं तर सगळा निर्णय आहे. आधी असेल तर नुसता धूर बाहेर येत नाही, प्रत्येक झटक्यामागून बाहेरची हवा आतही ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणखी पेट्रोल ओततो, ॲव्हरेज बोंबलतं आणि चेक इंजिन लाईट लागतो. नंतरचा लीक असेल तर ट्युनिंगला फारसा त्रास नाही, पण गॅस गाडीखाली साचून केबिनमध्ये येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो हो, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे ठीक" हे डोक्यातून काढून टाका.

लीकवर पट्टी किंवा पुटी लावायचं लगेच संपवतो. साधी इपॉक्सी पुटी जळून जाते. सायलेन्सरची फायबर पट्टी मागच्या सरळ पाईपला घरी पोचेपर्यंत चालते, हेडरजवळ नाही. बास.

आता खरी लढत पॅकिंग विरुद्ध वेल्डिंग. फ्लॅंजमधून लीक असेल तर पॅकिंग (इंजिन आणि फ्लॅंजच्या मधलं गॅस्केट), पाईपला किंवा चार पाईप एकत्र येतात तिथे तडा असेल तर वेल्डिंग. सोपं वाटतं ना, पण गोची अशी की पॅकिंग स्वस्त म्हणून लोक आधी पॅकिंगच बदलतात (पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर, काम झालं) आणि दोन महिन्यांनी परत टिकटिक, कारण वाकलेला असतो फ्लॅंज. स्वस्तातल्या हेडरचा फ्लॅंज पातळ असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनेच केळ्यासारखा वाकतो. सरळ स्टीलपट्टी आडवी ठेवा, खाली पाव मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सहज शिरला तर नवीन पॅकिंग म्हणजे पैसे पाण्यात, आधी हेड फेसिंग करणाऱ्याकडून फ्लॅंज सपाट करून घ्या. माझं हेच झालं, पॅकिंग दोनदा घातलं, तिसऱ्यांदा फेसिंग केलं तेव्हा सुटलो. नट आवळताना मधून बाहेर जायचं, आणि एक-दोन वेळा गाडी तापून पूर्ण थंड झाली की परत एकदा आवळायचं, हे कुणी सांगत नाही. आणि जुने स्टड (इंजिनच्या हेडमधून बाहेर आलेले, नट बसणारे बोल्ट) गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा, हेडमध्ये स्टड तुटला तर पॅकिंगचं काम विसराच, वेगळीच कथा सुरू होते.

वेल्डिंगचं म्हणाल तर एसएसला टिगच (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग), आणि पाईपच्या आतूनही आर्गॉन सोडणारा माणूस शोधा. कोपऱ्यावरचा ग्रिल-गेटवाला पण टाका मारून देतो, दिसतोही बरा, पण आतून तो साखरेसारखा दाणेदार होतो आणि तिथूनच परत फुटतो. पाईप 500 डिग्रीने तापला तर 304 एसएसचा एक मीटर पाईप साधारण साडेआठ मिमी वाढतो, साधं लोखंड 6 मिमी, म्हणजे एसएसला माईल्ड स्टील जोडलं असेल तर तो सांधा रोज ओढाताणीत. भोसरीकडे फॅब्रिकेशनवाले आहेत, पण हेडर काढूनच न्या. गाडीवरच करायची वेळ आली तर निदान बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा. आणि तडा का गेला ते बघा की, इंजिन माउंट (इंजिनचा रबरी आधार) दबलं असेल किंवा जाळीचा लवचिक फ्लेक्स पाईपच नसेल तर सगळा हादरा हेडर खातो. एकाच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर त्या हेडरला रामराम.

तिसरा पर्याय, स्टॉक मॅनिफोल्ड. बिडाचा, जड, वरच्या आरपीएमला थोडा दम कमी. पण सहजासहजी वाकत नाही, आवाज नाही, पीयूसीला धाकधूक नाही. कायद्याचंही बघा, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी रोज ऑफिसला नेत असाल आणि घरात लहान मुलं मागे बसत असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

मी स्वतः फेसिंग करून हेडरच ठेवलाय, कारण माझी गाडी रविवारचीच. स्टॉक मॅनिफोल्ड मात्र तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर आहे, बायको दर दिवाळीला विचारते हे भंगार कधी काढणार.