ट्रायल वकिलांच्या वार्तापत्रात लेख पाठवताना : काही महिन्यांचा अनुभव

मी कोल्हापुरात फौजदारी खटले चालवतो. ट्रायल कोर्टात काम करणाऱ्या वकिलांसाठी निघणाऱ्या एका वार्तापत्राला गेले काही महिने लेख पाठवतोय. कसबा बावड्यातल्या कोर्टाच्या बार रूममध्ये ज्युनिअर मंडळी विचारतात, "सर, पाठवावं का?" जरूर पाठवा, पण विषय चिमटीत मावेल एवढाच घ्या.

'नवे फौजदारी कायदे : एक दृष्टिक्षेप' या धर्तीचं लिखाण तिथं परत येतं, आणि ते योग्यच आहे. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तिन्ही कायदे लागू आहेत, त्यांची ओळख आता कुणाला नको. उद्या उलटतपास घ्यायचा आहे त्या वकिलाच्या हातात काय पडेल, एवढंच संपादक बघतात.

माझा ओमिशनवरचा लेख सर्वांत जास्त वाचला गेला. पोलीस जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार कोर्टात सांगतो, जबाबातली ती उणीव म्हणजे ओमिशन. विचारलं की म्हणतो, "मी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही." इथवर सगळेच येतात. पण साक्षीदारानं तसं सांगितलं नव्हतं, हे पुढं तपासी अंमलदाराकडून वदवून घ्यायचं राहिलं, तर ते ओमिशन सिद्धच होत नाही आणि अपिलात त्यावर बोलायला काही उरत नाही. पहिला मसुदा एका शेऱ्यासह परत आला : प्रत्यक्ष प्रश्न लिहा. मग साक्षीदाराला काय विचारायचं, अंमलदाराला काय, ते क्रमानं घातलं. लेख दुप्पट उपयोगी झाला. गडहिंग्लजच्या एका वकीलभगिनीनं फोन करून सांगितलं, की ते प्रश्न खटल्याच्या कागदांत लावूनच त्या उभ्या राहिल्या.

कलमं जुनी-नवी दोन्ही द्यावी लागतात : पोलीस जबाबांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६१-१६२ सोबत नागरिक सुरक्षा संहितेची १८०-१८१, आधीच्या जबाबावरून उलटतपासासाठी पुरावा कायद्याच्या १४५ सोबत साक्ष्य अधिनियमाचं १४८. कंटाळवाणं काम, पण जुने खटले जुन्याच कायद्यानं चालू आहेत, तेव्हा गरजेचं. ओमिशनवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'तहसीलदार सिंग' (१९५९) या निवाड्याचा दाखला दिला, तर हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांश, चालली नाही. मूळ निवाड्यातला परिच्छेद मागितला. ही शिस्त मला मनापासून आवडते.

छापण्याआधी पक्षकारांची नावं तर काढतातच, पीडितेच्या प्रकरणात गाव आणि नातंही काढतात. शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत नात्यावरूनच माणूस ओळखू येतो. लेखाखाली फोन नंबर छापत नाहीत. वकिलांना जाहिरातीची बंदी आहे, त्यामुळं हे रास्तच.

आता तक्रार. नाकारलेल्या लेखाचं कारण कळवत नाहीत. फितूर साक्षीदारावरचा माझा लेख बरेच दिवस अडकला. नकार आला तो एका ओळीत. नवख्या वकिलानं रात्री जागून लिहिलेलं असतं. त्याला दोन वाक्यं तरी मिळायला हवीत. मानधन नाही, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

१८ ऑगस्ट २०२५ ला इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून प्रत्येकाला रिट आणि अपिलावर लिहायचंय. चाळीसहून अधिक वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेलं बेंच, उत्साह असणारच. तरी या वार्तापत्रानं खालच्या कोर्टातल्या पुराव्याची जागा कमी केली नाही, म्हणून माझा पुढचा लेखही तिथंच जाणार : सीसीटीव्ही फुटेज पुराव्यात दाखल करण्यासाठी लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, आणि त्यातला तज्ज्ञानं भरायचा भाग 'ब' तालुक्याच्या कोर्टात कुणाकडून भरून घ्यायचा. कुणी तो भरून घेतला असेल तर जरूर कळवा.