दूध सोडलं, आता कोसा आणि चपलेचं काय?

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काही घ्यायचं नाही, असं ठरवलं की पहिले काही महिने सगळा घोर जेवणाचा असतो, आणि नागपुरात तो तसा लवकर सुटतो. तर्री-पोहे तेलातलेच. पाटवडी-रस्सा आहेच. चहातलं दूध सुटलं की गड जिंकला असं वाटतं. मग घरात लग्न निघतं, कपाट उघडलं जातं आणि लक्षात येतं की खरी अडचण ताटाबाहेरच आहे. 1944 साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत खाण्याबरोबर कपडे आणि इतर सगळ्या वापराचाही समावेश आहे, पण ‘जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ या अटीवर. तेव्हा एकेक वस्तू समोर ठेवूनच निर्णय करावा लागतो.

घरात आधीपासून असलेल्या वस्तूंवर फार वेळ घालवू नका. आईची जुनी रेशमी साडी किंवा चार वर्षांपूर्वी घेतलेला चामड्याचा पट्टा फेकून कोणताही जीव परत येत नाही. वापरवत असेल तर वापरा, नसेल तर देऊन टाका. प्रश्न नव्या खरेदीचा आहे.

विदर्भात या खरेदीत सर्वांत अवघड जातो तो कोसा, म्हणजे इथलं टसर रेशीम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पाळतात. राखण करणारी बरीच कुटुंबं ढीवर समाजाची. पक्षी-मुंग्यांपासून अळ्या जपायला ती अख्खा हंगाम झाडाखाली बसून असतात. कोश हातात घेऊन पाहा: लहान अंड्याएवढा, टणक, वर फांदीला धरणारा देठ. पतंग कोश फोडून बाहेर आला तर अखंड धागा मिळत नाही, म्हणून आतला जीव आधीच मारतात. आंधळगाव आणि नागभीडकडे विणली जाणारी करवतकाठी साडी, तिच्या काठावरचे करवतीच्या दात्यांसारखे नक्षीचे टोक, हे सगळं त्या शेकडो कोशांवर उभं आहे. तिला भौगोलिक मानांकनही आहे. साडी देखणी असते, हे मी नाकारत नाही.

याला पर्याय म्हणून ‘अहिंसा सिल्क’ सांगतात. आंध्रच्या हातमाग क्षेत्रातल्या कुसुमा राजय्या यांच्यामुळे हे नाव लोकांपर्यंत पोहोचलं. यात पतंग बाहेर पडू देतात आणि उरलेल्या कोशाचा धागा कातून काढतात. कापड थोडं जाडसर, चमक कमी, किंमत जास्त. पण तुतीच्या रेशमात हा पतंग नीट उडू शकत नाही, खाऊही शकत नाही. मादी शेकड्यांनी अंडी घालते, आणि त्यातून निघणाऱ्या सगळ्या अळ्या कोण पोसणार? तेव्हा ‘अहिंसा’ या लेबलावर न थांबता पुढच्या पिढीचं काय करतात हे विचारा. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर तेही उत्तरच समजा. दुसरी एक फसगत घिचाची. घिचा हे छिद्र पडलेल्या, सदोष, न उकलणाऱ्या कोशांचं सूत, म्हणजे त्याच साखळीतलं उरलंसुरलं. ते स्वस्त पडतं आणि वाया जाणारं वापरलं जातं, पण सगळंच जीव न मारता आलेलं असतं असं नाही.

आर्टिफिशियल सिल्क घेतलं तर किड्यांचा प्रश्न मिटतो, पण हातात बहुधा पॉलिएस्टर येतं. प्रत्येक धुण्यात त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि मे महिन्यातल्या लग्नात हे कापड अंगावर घेऊन मांडवात बसणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही.

राहिलं सूत. माझा कल याच बाजूला आहे, पण ते निष्पाप आहे असं समजू नका. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. किडे किती मेले, त्याची तर मोजदादच नाही. कोशातल्या जिवाचा विचार करणाऱ्याने शेतातल्या माणसाला वगळू नये. सेंद्रिय कापूस घेतला तर विष जातं, पण त्या शेतात शेणखत आणि जीवामृत लागतं, म्हणजे गोठा आलाच. कडक व्हीगन इथे अडतो. मी अडत नाही. शेणासाठी कोणी गाय मारत नाही, उलट फवारणीने मरणारी माणसं खरी आहेत. नागपूरचे हलबा-कोष्टी विणकर पिढ्यान्‌पिढ्या सुती लुगडी विणत आले, त्यांच्याकडचं हातमागाचं सूत घेतलं तर कोसा सोडल्याने विणकराचं काय होणार या काळजीलाही थोडं उत्तर मिळतं. ढीवरांच्या काळजीला मात्र मिळत नाही. ते मान्यच करायला हवं. एका दुकानात मी सुती साडी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, “लग्नात सुती? लोकं काय म्हणतीन ताई?” हा प्रश्न सगळ्या पर्यायांहून भारी पडतो, हे खरं.

चपलेचं गणित वेगळं. चामड्याची चप्पल चौकातला मोची टाके घालून वर्षानुवर्षं चालवतो. रेक्झिनची एका उन्हाळ्यात सुटते. सोल निघतो, पाय घामाने चिकटतात, मग ती कचऱ्यात. तीन जोड प्लास्टिक विरुद्ध एक जोड कातडं, असं कोणी मांडलं तर पटकन खोडून काढता येत नाही. मग लोक मधला मार्ग सांगतात: आपोआप मेलेल्या जनावराचं चामडं. आपल्या शेजारी वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या प्रेरणेने असं चर्मालय चाललं होतं. जनावराच्या बाजूने पाहिलं तर हा मार्ग स्वच्छ दिसतो. पण मेलेलं ढोर ओढायचं कोणी, सोलायचं कोणी? ती कामं जातीने कोणावर लादली होती, हे दीक्षाभूमीच्या शहरात राहून विसरता येत नाही. बाबासाहेबांनी समाजाला मृतमांस आणि असली गावकीची कामं सोडायला सांगितलं. ती सुटावीत म्हणून माणसं झगडली, आणि आपण ‘अहिंसक’ म्हणून पुन्हा त्याचीच मागणी करायची? मला हा पर्याय पटत नाही. कापडी पट्ट्यांची, टायरच्या सोलची चप्पल मोच्याकडूनच शिवून घेतली तर टिकते आणि त्याचा धंदाही चालतो. ऑफिसात चालत नसेल तर कॅनव्हासचे बूट. जरा महाग घ्या पण सोल शिवलेला बघून घ्या, नुसता चिकटवलेला नको.

थंडीसाठी लोकर की ॲक्रिलिक यावर वाद घालू नका. नागपूरची थंडी महिना-दीड महिन्याची, जुन्या लुगड्यांची गोधडी दोघांनाही पुरून उरते.

औषधाच्या बाबतीत मी तुलनाच करत नाही. बहुतेक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे हाडा-कातड्यातून आलेलं. वनस्पतीजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूल मिळतात, तेव्हा पर्याय आहे का हे डॉक्टरांना जरूर विचारा. नसेल तर लिहून दिलेलं औषध घ्या. बी-12ची गोळी जंतूंच्या किण्वनातून बनते, ती निःशंक घ्यावी, आणि व्हीगनाने घ्यायलाच हवी. डी-3 मात्र बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येतं. दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं वेगळं मिळतं, ते महाग असतं.

डासांचं काय, हे विचारून सगळे हसतात. कूलरच्या गावात तो थट्टेचा विषय नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्याला कूलरची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी केली तर मारायचे डास मुळातच कमी होतात. कॉइल, मॅट आणि स्प्रे त्यानंतर. ताप अंगावर काढून तत्त्व पाळू नका.

या सगळ्यात शेवटी अडतं ते आहेराशी. मावशीने हौसेने कोसा आणला तर परत करायचा का? घेतला तर पुढच्या लग्नात पुन्हा येतो, परत केला तर मावशी रुसते. लग्नाची बोलणी होताच, बस्त्याच्या आधीच, आईकडून सगळ्यांना कळवून टाकावं: आम्हाला सुती द्या, पैठणी नको, कोसाही नको. आईने सांगितलं की कुरकूर निम्मी होते.