आईला घेऊन आजोळी जाताना: तुतारी एक्स्प्रेस

मुंबईहून तळकोकणात जायला गाड्या बऱ्याच आहेत. पण बरोबर सत्तरी ओलांडलेली आई असेल आणि तिचं माहेर कणकवली-कुडाळच्या आत एखाद्या वाडीत असेल, तर दादर–सावंतवाडी तुतारीच (11003) धरावी. दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसचं खाणं नावाजलेलं, उजेडात डोंगरदऱ्याही दिसतात. पण कुडाळला उतरेपर्यंत दुपार कलते. वाडीत जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या, शेवटची चुकली की रिक्षावाला म्हणेल तो भाव. तुतारी वेळेवर असली तर दुपारी बाराच्या आत कुडाळला सोडते. बंद घर उघडायचं, झाडायचं, पाण्याची सोय बघायची, हे उजेडात उरकतं.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. गाडी दादरहून रात्री 12.05 ला सुटते. शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारचं हवं. शनिवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्या मध्यरात्रीच गेलेली असते, आणि पैसेही गेले.

खालच्या बर्थचंही असंच. ज्येष्ठांच्या कोट्यात (पुरुष 60, स्त्रिया 45 वर्षांपुढे) तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी लागतात, आणि दोघंही वयात बसणारे. आई बहात्तरची, लेक चाळिशीची असं एकत्र तिकीट काढलं तर कोटा लागत नाही. आईचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं काढावं, आपलं साधं. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 पासून बंद आहे.

आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. गणपतीच्या तिकिटासाठी आठ-पाचला बसलात तर वेटिंगच हाती येणार. गणपतीचा हट्ट नसेल तर दिवाळीनंतर जावं. पावसाळी वेळापत्रकात दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात आणि गाडी उशिरा पोचते. एरवीही वीर स्टेशनच्या पुढे मार्ग एकेरी, क्रॉसिंगला थांबणं आलंच.

खाण्यात तुतारीला मांडवीची सर नाही. सकाळच्या गोळीआधी पोटात काही लागत असेल तर डबा घ्या. उक्षी स्टेशननंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, तिथे फोन लागत नाही. गावी कळवायचं ते आधी कळवा. सामान दाराशी आणून ठेवा, लहान स्टेशनांवर गाडी दोनेक मिनिटंच थांबते.

तिकिटावरच्या स्टेशनाच्या नावावर जाऊ नका. राजापूर रोड राजापुरापासून बराच लांब, सावंतवाडीचं स्टेशन मळगावात. वाडी कुठल्या फाट्यावरून आत जाते ते गावात विचारूनच स्टेशन ठरवा. पुढच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे फुकट. वयाच्या पुराव्यासाठी आईचं आधार पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.