पानाचा मजकूर वाटेतच बदलायचा आहे: एन्जिनएक्स, मिटमप्रॉक्सी की प्रिव्हॉक्सी?

वेबपेज सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाताना त्यातला मजकूर बदलायची ही तीन साधनं. आधी एवढं ठरवा: पान कोणाचं आहे आणि बदल कोणाला दिसायला हवा?

सर्व्हर तुमचाच असेल आणि बदल सगळ्यांना दिसायला हवा असेल, तर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा सब-फिल्टर (पान पुढे पाठवताना त्यातले शब्द बदलणारी सोय) घ्या. जुन्या ॲप्लिकेशनच्या कोडला हात न लावता त्यातले जुन्या डोमेनचे पत्ते बदलायला तो उत्तम. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) त्याला कळत नाही, सरळ शब्दाला शब्द. पण एका ठिकाणी तो हमखास फसवतो. मागचा सर्व्हर (जिथून पान मुळात येतं तो) पान जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवत असेल, तर शोधायचा शब्द त्याला सापडतच नाही आणि पान जसंच्या तसं पुढे जातं. कुठे एरर नाही, काही नाही. माझी अख्खी दुपार यात गेली. मागच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीतला ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर (‘दाबलेलं उत्तर चालेल’ असं सांगणारी ओळ) रिकामा केला आणि पत्ते बदलले, तेही प्रत्येकी एकदाच! कारण मूळ सेटिंगमध्ये फक्त पहिला सापडलेला शब्द बदलतो; ‘सब-फिल्टर-वन्स’ बंद करावं लागतं. शिवाय एचटीएमएलखेरीज जेसन किंवा सीएसएसमध्ये बदल हवा असेल, तर ते प्रकार वेगळे सांगावे लागतात.

चाचणीसाठी मात्र मी डोळे झाकून मिटमप्रॉक्सी घेते; हा ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारा प्रोग्राम. पायथनमध्ये चार ओळींचं फंक्शन लिहायचं. उत्तर आलं की ते चालतं. जीझिप उलगडणं, कंटेंट-लेंग्थ (उत्तराची लांबी सांगणारा हेडर) जुळवणं तो स्वतः बघतो. एपीआयच्या (ॲप सर्व्हरकडे डेटा मागतं त्या सोयीच्या) उत्तरातली किंमत काढून टाकली तर स्क्रीन कोसळते का, हे सर्व्हरला न छेडता पाहता येतं. एचटीटीपीएससाठी त्याचं सर्टिफिकेट (मध्ये बसलेल्या मिटमप्रॉक्सीवर डिव्हाइसने विश्वास ठेवावा म्हणून) डिव्हाइसवर बसवावं लागतं. अँड्रॉइड 7 पासून ॲप्स असं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत, तेव्हा टेस्ट बिल्डमध्ये तशी परवानगी द्या. पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवली आणि ती चालली नाही, तर कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी हेडर (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारा) तपासा.

प्रिव्हॉक्सी हा प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधला प्रोग्राम) स्वतःच्या ब्राउझिंगपुरता. 8118 पोर्टवर चालतो, पर्लच्या धर्तीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने पान बदलतो. एकाच ब्राउझरसाठी हवं असेल तर एक्स्टेन्शन पुरे. अनेक प्रोग्राम्सना एकच गाळणी लावायची असेल तरच याच्या वाट्याला जा.

आणि कळकळीने सांगते: चाचणी संपली की मिटमप्रॉक्सीचं ते सर्टिफिकेट त्याच दिवशी काढा. त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) ज्याच्या हाती लागेल, तो त्या डिव्हाइसची रहदारी अडवून वाचू शकतो, बँकेचं लॉगिनसुद्धा.