एकाच नंबरची तीन स्टिकरं आणि माझे 25,550 रुपये

मी पतसंस्थेत नोकरी करते. रोज काउंटरवर म्हाताऱ्या माणसांना बजावते, आजोबा, ओटीपी कुणाला सांगू नका. तीच मी, तीन कागदांवर अपोस्टिल, म्हणजे आपला दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, करून घेताना 25,550 रुपयांना फसले. माहेरी अजून सांगितलेलं नाही. आण्णा म्हणतील, तू तर बँकेतली.

नवरा नेदरलँड्सला नोकरीला आहे. मला आणि बाळाला न्यायचं तर लग्नाचं प्रमाणपत्र, माझा जन्मदाखला आणि बाळाचा जन्मदाखला हे तिन्ही अपोस्टिल होऊन हवे होते. तिथे इंग्रजीतला कागद चालतो, त्यामुळे भाषांतराची कटकट नव्हती. काम खरं तर सरळ आहे. आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. पण राज्याचं मंत्रालय मुंबईला, मी सांगलीत, पाच महिन्यांचं बाळ अंगावर पिणारं आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. अशात एजंट शोधला तर काय चुकलं माझं? निम्मं जग एजंटकडूनच करून घेतं.

नंबर नात्यातल्याच एकीने दिला. माणूस बोलायला लाघवी. सारखं ताई-ताई. दर कागदाला 5,500, तिघांचे 16,500. अर्जंटचे 4,500 वेगळे. मग दहा दिवसांनी, "ताई, बाळाचं नाव दाखल्यात नंतर घातलंय ना, दिल्लीत हरकत निघाली," म्हणून 3,800. शेवटी कुरिअरचा विमा 750. आता शासनाची फी सांगते, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखंच गरगरेल. एका अपोस्टिलला 50 रुपये. त्यावर नेमून दिलेल्या संस्थेचं जुजबी सेवाशुल्क. बास. त्या संस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उघडी पडलेली असते. मी ती पाहिली, पण पैसे गेल्यावर.

पैसे गेले ते एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. "मिसेसचं खातं आहे ताई, चालू खात्याला जीएसटीचं लफडं." मी हसून पाठवले. पतसंस्थेत असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून उठवला असता.

पण हे सगळं एकवेळ सोडा. ज्या क्षणासाठी मी रात्री उठून बसते तो वेगळाच आहे. कुरिअर आलं. तिन्ही कागदांच्या मागे छान चकचकीत स्टिकरं. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिन्ही शेजारीशेजारी मांडली, फोटो काढायला. आणि दिसलं की तिन्हींवर नंबर एकच आहे. दिसलं, म्हणजे अगदी स्वच्छ दिसलं! मी लगेच मेसेजही केला. त्याचं उत्तर आलं, "ताई, एका फॅमिलीला एकच नंबर पडतो." आणि मी अंगठा पाठवला. वर "थँक्यू दादा". रोज शेकडो पावत्यांचे नंबर तपासणारी बाई मी, आणि एका फॅमिलीला एक नंबर हे मला पटलं! अपोस्टिलच्या चौकटीत आठव्या ओळीला जो क्रमांक असतो तो त्या एकाच कागदाचा असतो, दुसऱ्या कुठल्याही नाही. शिवाय राज्य शासनाचा शिक्का कुठेच नव्हता. तो नसताना वरचं स्टिकर लागलंच कसं, हेही विचारलं नाही मी. बाळ रडत होतं, असं मी स्वतःला सांगते. ते रडत होतंच.

पितळ उघडं पाडलं नवऱ्याच्या कंपनीतल्या बाईने. तिने स्कॅनवरचा नंबर संकेतस्थळावर टाकला, नोंदच नाही. दोन मिनिटांचं काम. विमानाची तारीख बदलायला 14,200 गेले. आणि खोटी स्टिकरं चिकटली ती मूळ कागदांवर, त्यामुळे ते तिन्ही दाखले मला पुन्हा नव्याने काढावे लागले. एजंटाला मूळ कागद देताना निदान आणखी एक सही-शिक्क्याची प्रत आधी काढून ठेवा.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "एजंट ठाणे शहरातला ना? मग तिकडच्या पोलिसांत तक्रार द्या." वकील असलेल्या चुलतभावाने सांगून पाठवलं होतं की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. ते म्हटल्यावर समोरचे हवालदार म्हणाले, "मॅडम, ते पेपरात छापायला असतं." तिसऱ्या दिवशी कडेवर बाळ घेऊन दोन तास बाकड्यावर बसवलं आणि एकाने हळूच सुचवलं, "खोटे शिक्के तुमच्या कागदांवर आहेत, बघा बरं, उलटायचं तुमच्यावरच." म्हणजे चोर मी! एका सरकारी कार्यालयाला तीन ईमेल केले. एकाचं उत्तर आलं, त्यात अपोस्टिल कसं करावं याची माहिती जोडली होती. शेवटी पोचपावती मिळाली ती साध्या अर्जाची, गुन्ह्याची नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी केला तो सव्वा महिन्याने. तोवर त्या बाईच्या खात्यात काय राहणार होतं?

दुबईला जाणाऱ्यांनी तर अपोस्टिलच्या नावाखाली पैसे देऊच नका, तिथे दूतावासाचा शिक्का लागतो, हे स्टिकर नाही. आणि कुठलाही नंबर आला की त्याच क्षणी, एजंटला विचारण्याआधी, संकेतस्थळावर टाकून बघा.

एक सांगायचं राहिलं. कुरिअर आलं त्याच दिवशी मी खूश होऊन ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला त्याचा नंबर दिला होता. "खात्रीचा माणूस आहे," असं लिहून. तिने एका कागदाचे 5,500 भरले. ते मी तिला माझ्या पगारातून दिले. नवऱ्याला आकडा अजून 25,550 च माहीत आहे.